एअर फ्रायरमधला ‘बोनलेस’ मासा बाहेरून येतो, मग तलावांच्या भंडाऱ्यातला रोहू कुठे अडतो?

रील साधारण एकसारखीच असते. पांढऱ्या माशाचा एक सपाट, बिनकाट्याचा तुकडा. त्यावर मीठ, मिरपूड, लसूण पावडर, पेपरिका. वरून तेलाचा एक फवारा. २०० डिग्री, दहा मिनिटं, आणि बाहेर येतो सोनेरी मासा. खाली कमेंटमध्ये दोनच प्रश्न असतात. मासा कोणता घेतला? आणि कुठे मिळेल?

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘बासा’ असतं. दुसऱ्याचं उत्तर असतं सुपरमार्केटचा फ्रीझर किंवा डिलिव्हरी ॲप.

आता हाच प्रश्न भंडारा जिल्ह्यात विचारून बघा. ‘तलावांचा जिल्हा’ ही भंडाऱ्याची जुनी ओळख. वैनगंगा इथून वाहते, गोसेखुर्दचं धरण याच जिल्ह्यात पवनीजवळ आहे, गावोगावी तलाव आणि बोड्या आहेत. आठवडी बाजारात रोहू, कतला, झिंगे विकायला बसलेल्या बाया दिसतात. पण रीलमधल्या रेसिपीला लागणारा मासा मात्र बाहेरून, पाकिटात बंद होऊन येतो.

असं का होतं? चव कमी पडते म्हणून? की ताजेपणा? कारण वेगळंच आहे आणि ते माशाच्या अंगातच आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. ती पुढे तलाव कुणाचे, त्यात मासा कुणी टाकला आणि पैसे कुणाला मिळतात इथपर्यंत जाते.

आधी मशीन समजून घेऊ

नावात ‘फ्रायर’ असलं तरी हे यंत्र तळत नाही. आत वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते आणि तिच्या मागे जोरात फिरणारा पंखा. तापलेली हवा छोट्या जागेत वेगाने फिरते, माशाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडवते आणि वरचा थर कोरडा करून भाजते. म्हणजे हा टेबलावर मावणारा, जोरदार पंख्याचा ओव्हन आहे. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये तो ‘एअरफ्रायर’ नावाने बाजारात आणला, आणि पुढे तेच नाव सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना चिकटलं.

विजेचा हिशोबही सोपा आहे. १५०० वॉटचं यंत्र १५ मिनिटं पूर्ण ताकदीने चाललं तर ०.३७५ युनिट, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज जाते.

या यंत्राला दोन गोष्टी मानवतात. एक, तुकडा सगळीकडे सारख्या जाडीचा हवा, म्हणजे तो एकसारखा शिजतो. दोन, पृष्ठभाग कोरडा हवा. भज्यासारखं पातळ पीठ लावलं तर ते थापलं जाण्याआधी जाळीतून खाली गळतं, कारण इथे त्याला लगेच धरून ठेवणारं गरम तेल नाही. सपाट, बिनकाट्याचा फिले या यंत्राला असा बरोबर बसतो. यंत्र आणि तुकडा एकमेकांसाठी बनवल्यासारखे वाटतात, आणि रेसिपी सगळीकडे पसरण्याचं हे एक मोठं कारण आहे.

‘व्हाइट फिश’ म्हणजे नेमका कोण?

मूळ रेसिपी युरोप-अमेरिकेतली. तिथे ‘व्हाइट फिश’ म्हणजे कॉड, हॅडॉक असे थंड समुद्रातले, कमी चरबीचे, पांढऱ्या मांसाचे मासे. ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत. ती जागा भारतात घेतली पंगेशियसने.

पंगेशियस हा गोड्या पाण्यातला, मिशीवाल्या माशांच्या कुळातला मासा. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात त्याची प्रचंड शेती होते. खरं तर ‘बासा’ हे त्यातल्या एका जातीचं नाव. बाजारात येणारा माल बहुतेक त्याच्या भावाचा, तिथे ‘त्रा’ म्हणतात त्या जातीचा असतो. पण ‘बासा’ हे नाव विकायला सोपं, म्हणून तेच राहिलं.

नावावरून भांडणही झालं आहे. अमेरिकेतल्या कॅटफिश शेतकऱ्यांना हा स्वस्त मासा डोईजड झाला, तेव्हा तिथल्या संसदेने कायदाच केला की ‘कॅटफिश’ हे नाव फक्त अमेरिकी कुळातल्या माशालाच लावायचं. २००३ मध्ये व्हिएतनामच्या फिलेवर अँटी-डम्पिंग शुल्कही बसलं. एका पांढऱ्या तुकड्यामागे किती मोठा व्यापार आहे, हे त्यावरून कळतं.

हा मासा १९९० च्या दशकात भारतातही आला. आज आंध्र प्रदेशात त्याची मोठी शेती आहे आणि महाराष्ट्रातल्या काही जलाशयांत पिंजरे लावूनही तो वाढवला जातो. त्यामुळे पाकिटातला ‘बासा’ दरवेळी परदेशीच असतो असं नाही. तो कुठून आला हे पाकिटाच्या मागच्या बाजूला वाचावं लागतं.

मग रोहू का चालत नाही?

इथे येतो तो मुख्य मुद्दा. काटा.

पंगेशियसच्या अंगात मधला कणा आणि बरगड्या आहेत. त्या काढल्या की मांसाचा सलग, स्वच्छ तुकडा हातात येतो. रोहू, कतला, मृगळ हे कार्प कुळातले मासे. त्यांच्या मांसात, विशेषतः पाठीकडच्या भागात, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे बारीक काटे रुतलेले असतात. हे काटे कण्याला जोडलेले नसतात, त्यामुळे कणा ओढला तरी ते आतच राहतात. एकेक काटा उपटायचा म्हटलं तर मांसाच्या चिंधड्या होतात.

भंडाऱ्यात, नागपुरात किंवा बंगालमध्ये लहानपणापासून रोहू खाणाऱ्याला हा काटा अडवत नाही. बोटांना आणि जिभेला तो सापडतो. म्हणून आपल्याकडे या माशाचा फिले कधी झालाच नाही, आडवे काप झाले. काप रश्श्यात जातात, कणा आणि डोकं रश्श्याला चव देतात, आणि काटे ताटाच्या कडेला जातात. पूर्ण मासा वापरायची ही पद्धत आहे.

फिलेचं गणित उलट आहे. साधारण ३ किलो पंगेशियसमधून १ किलो फिले निघतो. उरलेलं डोकं, कणा, कातडी कारखान्यात तेल आणि माशांच्या खाद्याच्या भुकटीसाठी जातं. म्हणजे फिलेसाठी नुसता मासा पुरत नाही. कापणारे कुशल हात, बर्फ, उणे १८ डिग्रीची साखळी, पॅकिंग आणि उरलेल्या मालाला गिऱ्हाईक असं सगळं लागतं. हे सगळं एका जागी तेव्हाच परवडतं, जेव्हा एकाच मापाचा मासा वर्षभर रोज येतो.

भंडाऱ्यातल्या तलावाचं वेळापत्रक तसं नाही. तलाव मुळात धानासाठी बांधलेले. पाण्यावर पहिला हक्क शेतीचा. पावसाळ्यात तलाव भरतो, पाऊस ओढ देतो तेव्हा धानाला पाणी सुटतं, हिवाळ्यापासून पाणी उतरू लागतं आणि उन्हाळ्यात कितीतरी तलाव तळ गाठतात. मासेमारीचा जोर त्याच काळात येतो. आजूबाजूच्या सगळ्या तलावांचा मासा एकदम बाजारात आला की भाव पडतो, आणि साठवायला बर्फ नसेल तर मिळेल त्या भावाला माल सोडावा लागतो.

तलाव कुणाचे, मासा कुणाचा?

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदावर आणि लोकांच्या तोंडी त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यातले बरेच तलाव बांधले. उतार ओळखायचा, पाळ कुठे घालायची आणि जास्तीचं पाणी पुढच्या तलावात कसं सोडायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढे इंग्रजांच्या काळात तलाव मालगुजारांकडे आले. तेव्हा हा भाग मध्य प्रांतात होता. १९५०-५१ मध्ये मालगुजारी रद्द झाली आणि तलाव सरकारकडे गेले. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे आहेत.

या पाण्यात मासे धरणारा समाज म्हणजे ढिवर. तलावाची मालकी त्यांच्याकडे कधीच नव्हती आणि आजही नाही. मच्छीमारांच्या सहकारी संस्था ठराविक मुदतीसाठी तलाव ठेक्याने घेतात, मत्स्यबीज सोडतात आणि मासा विकतात. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, ढिवराकडे असतो ठेक्याचा कागद. त्यामुळे गाळ काढायचा की नाही, पाणी किती उतरवायचं, हे निर्णय बहुतेक वेळा दुसरेच घेतात.

रोहू इथला नव्हताच?

तलावात आज सगळ्यात जास्त दिसणारे रोहू, कतला आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. भारतीय असले तरी या तलावांचे ते जुने रहिवासी नाहीत. त्यांना सगळीकडे पोहोचवलं एका शोधाने. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलमध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाला पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त जागेत अंडी घालायला लावलं. तोवर कार्पचं बीज नदीतूनच गोळा करावं लागत होतं. त्यानंतर ते हॅचरीत तयार होऊ लागलं आणि देशभरातल्या तलावांत पोहोचलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

याचा फायदा खरा होता. मासा लवकर वाढतो, वजनदार होतो आणि बाजारात ओळखीचा आहे. पण त्याच्या पाठोपाठ सायप्रिनस आणि गवत्या मासाही आले. गवत्या मासा पाणवनस्पती खातो. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. मरळ, शिंगी, मांगूर, वाम आणि बोटभर लांबीचे कितीतरी देशी मासे याच पाणवनस्पतींत अंडी घालतात, लपतात आणि वाढतात. वनस्पती गेल्या की त्यांचं घरच जातं.

त्यात भर पडली गाळाची, काठावर माजलेल्या बेशरमीच्या झुडपांची आणि धानाच्या बांध्यांतून उतरणाऱ्या कीटकनाशकांची. वैनगंगेचं वेगळं दुखणं आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत येतं, आणि भंडाऱ्याजवळच्या साचलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरते.

याचा फटका नुसता निसर्गाला बसत नाही. रोहूचं बीज दरवर्षी विकत घेऊन सोडावं लागतं, कारण साठलेल्या पाण्यात तो सहसा अंडी घालत नाही. देशी मासा तलावात आपोआप वाढतो, त्याला बीजाचा खर्च नाही. लहान मासे ढिवर कुटुंबाच्या रोजच्या ताटात येत. काट्यासकट खाल्ला जाणारा लहान मासा कॅल्शियम देतो. काटे काढलेल्या फिलेत ते मिळत नाही.

यावर काम झालंही आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या माध्यमातून मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या जाणत्या मासेमारांनी तलावांचा अभ्यास केला. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर महिलांना या कामात पुढे आणलं. पद्धत ऐकायला साधी आहे. उन्हाळ्यात बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, पावसाच्या सुरुवातीला देशी पाणवनस्पती लावायच्या आणि तलावाचा काही भाग मासेमारीपासून राखून ठेवायचा. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांकडे आधीपासून होतं. ते पुन्हा वापरात आलं.

भंडाऱ्याचा स्वतःचा फिले होऊ शकतो?

एक मासा आहे जो रीलच्या रेसिपीत सहज बसतो. मरळ. मांस पांढरं, घट्ट, आणि कार्पसारखे बारीक काटे जवळपास नाहीत. शिवाय त्याला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून तो थोड्या पाण्यात तासनतास जिवंत राहतो. बाजारात तो जिवंत विकला जातो, म्हणजे बर्फाशिवाय ताजा.

मग मरळीची शेती का वाढत नाही? कारण तो शिकारी मासा आहे. लहानपणी तो आपल्याच भावंडांना खातो, त्यामुळे पिल्लं सतत आकारानुसार वेगळी करावी लागतात. त्याला प्राणिज प्रथिनांचं खाद्य लागतं आणि ते महाग पडतं. कोंडा-पेंडीवर वाढणाऱ्या रोहूपेक्षा ही शेती जास्त जोखमीची आहे. ज्याच्या हातात तलाव काही वर्षांच्याच ठेक्याने आहे, तो असा जुगार सहसा खेळत नाही.

इथे सरकारच्या निर्णयांचा संबंध येतो. केंद्राने २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आणली. त्यात हॅचरीपासून बर्फ कारखाने आणि शीतवाहनांपर्यंत अनुदान आहे. राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. म्हणजे शेतीच्या दराने वीज आणि कर्ज, विमा अशा सवलतींचा रस्ता मोकळा झाला.

पण दोन्हींचा फायदा घ्यायला तारण लागतं, स्वतःचा हिस्सा भरायला पैसा लागतो आणि जागेवर पक्का हक्क लागतो. ज्याच्या शेतात स्वतःचं तळं आहे त्याला हे सोपं. ठेक्यावर मासेमारी करणाऱ्या संस्थेला अवघड. कृषी दर्जा मिळाला, पण शेतकऱ्यासारखी जमीन मिळाली नाही, ही ढिवरांची खरी अडचण आहे. पूर्व विदर्भात या निर्णयाचं यश मोजायचं असेल तर किती नवी शेततळी झाली एवढंच मोजून चालणार नाही. तलावाच्या काठी किती बर्फपेट्या पोहोचल्या, किती संस्थांना लांब मुदतीचा ठेका मिळाला आणि मासा साफ करून, कापून विकणारी किती महिलांची दुकानं उभी राहिली, हेही बघावं लागेल.

कापण्याला यात मोठं महत्त्व आहे. बाजारात अख्खा मासा विकणारी आणि त्याचे नीट काप करून, धुऊन, मोजून देणारी, या दोघींच्या कमाईत फरक पडतो. पाकिटातल्या फिलेने गिऱ्हाईक ओढलं ते चवीपेक्षा सोयीवर. ती सोय गावातल्या बाजारातही देता येते.

मग घरच्या एअर फ्रायरमध्ये काय करायचं?

रेसिपी बदलायची गरज नाही, तुकडा बदलायचा.

मरळ मिळाली तर मासेवालीकडून कणा काढून लांब तुकडे करून घ्या. रोहू-कतला घेणार असाल तर मोठा मासा निवडा. दीड-दोन किलोच्या वरच्या माशात काटे जाड आणि सहज दिसणारे असतात. लहान रोहूत ते केसासारखे. पोटाकडचा भाग मागून घ्या, तिथे बरगड्या असतात पण बारीक काटे कमी.

पाठीचा तुकडा असेल तर एक जुनी युक्ती आहे. मांसावर तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने धारदार सुरीने चिरा द्यायच्या, कातडी न कापता. आतले काटे बारीक तुटतात आणि कमी टोचतात. नाताळात कार्प खाणाऱ्या मध्य युरोपातही हेच करतात. मात्र कढईतल्या तेलात हे तुकडे जितके कुरकुरीत होतात तितके गरम हवेत होत नाहीत. लहान मुलांना देताना हात लावून बघायलाच हवं.

तुकडे धुतल्यावर कापडाने पूर्ण टिपून घ्या. ओला मासा भाजत नाही, वाफवतो. मीठ, हळद, आलं-लसूण आणि तिखट लावा. लिंबू शेवटी, जास्तीत जास्त १५-२० मिनिटं आधी, नाहीतर आंबटपणाने मांस भुसभुशीत होतं. वरून तांदळाच्या कोरड्या पिठाचा पातळ थर. धानाच्या जिल्ह्यात ते घरातच असतं. मग दोन्ही बाजूंना ब्रशने चमचाभर तेल.

यंत्र तीन-चार मिनिटं आधी तापवा. तुकडे एकमेकांना न चिकटवता ठेवा, कारण हवा फिरायला जागा लागते. दोन सेंटिमीटर जाडीच्या कापाला १८० डिग्रीवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा पलटून. शेवटची दोन मिनिटं २०० वर. सुरुवातीपासून २०० ठेवलं तर तिखट करपतं आणि कडू लागतं. मांस पांढरं, अपारदर्शक झालं आणि काट्याच्या चमच्याने सहज सुटलं की झालं. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ६३ डिग्रीच्या वर हवं.

आणि पाकिटातला फिलेच घ्यायचा असेल तर? घ्या, त्यात वावगं काही नाही. फक्त मागची बाजू वाचा. मासा कोणता, कुठला, बर्फाचा थर सोडून निव्वळ वजन किती, आणि घटकांमध्ये माशाशिवाय फॉस्फेट वगैरे काही आहे का. फॉस्फेट मांसात पाणी धरून ठेवतं. फ्रायरमध्ये तुकडा आक्रसून खाली पाणी साचलं, तर ते पाणी तुम्ही माशाच्या भावाने घेतलेलं असतं.

पुढच्या आठवडी बाजारात मासेवालीला एवढंच विचारून बघा, “मावशी, पोटाकडचे जाड काप करून द्याल का?” चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर पाचव्यासाठी ती ते आधीच कापून ठेवेल.